दुसरा हात

यंदाबी आपलं काही खरं नाही,
असं राजेप्पानं नारळ फुटायच्या आधीच सांगून टाकलं.
नेटच्या खांबाला अजून दोरी बांधायची होती,
पोरं मैदानातले बारके खडे वेचत होती,
आणि आम्ही चार-पाच जण नगरपालिकेच्या सिमेंट पाइपांवर बसून
आधीच हरून मोकळे झालो होतो.

मारणारे उदगिरात पैशाला पासरी.
उंच उडतात, नरडं फाडून ओरडतात,
बॉल थेट पलीकडच्या तुरीत.
पण मारायला आधी कुणीतरी द्यावा लागतो.
पहिला हात उचलतो, तिसरा मारतो,
मधला, लिफ्टरचा हात
मन्मथ गेल्यापासून आमच्याकडं नाही.

मन्मथ बिरादार चौदा वर्षांमागं हैदराबादला गेला,
बेअरिंगच्या कारखान्यात.
दिवाळीला येतो म्हणाला.
येतो की. दर दिवाळीला येतो,
पोट सुटलंय, मिठाईचा पुडा देतो,
मैदानाच्या बाजूनं जात नाही.

त्यानंतर किती आणले त्याचा हिशेब माझ्याकडं आहे,
कारण बॉलमध्ये हवा मी भरतो.
स्टँडच्या मागं माझं पंक्चरचं दुकान.
प्राचार्यांचा भाचा आणला,
घाम आला की त्याचा चष्मा घसरायचा.
औश्याहून एक आणला, खोली करून दिली, डबा लावला,
सहा महिने डबा खाऊन तो पोलीस भरतीत गेला.
एकाची बोटं सोन्याची, पण दिवाळी सरली की
त्याची टोळी ऊस तोडायला,
आणि सामने नेमके जानेवारीत.
एक नुसता उंच होता. उंच होता म्हणून आणला.
त्याचं नाव कुणालाच आठवत नाही.

ताजोद्दीन म्हणतो, अपने नसीब में लिफ्टरइच नै.
राजेप्पा म्हणतो, आशा धरली की माझे गुडघे दुखतात.
मी काही म्हणत नाही,
माझ्या तोंडात बहुतेक वेळा व्हॉल्व्हची पिन असते.

आता मास्तरांनी परमेश्वर आणलाय.
परमेश्वर सूर्यवंशी, वय एकोणीस, देवणीकडचा.
मोंढ्यात ट्रकमधली टरबुजं उतरवताना मास्तरांना दिसला.
वरचा फेकतो, हा झेलतो, खालच्याला देतो,
दिवसाला दोन ट्रक, आणि एक फुटत नाही.
म्हणजे आता देवावरच आली, राजेप्पा म्हणाला,
आणि सगळे हसलो,
हरणाऱ्यांना हसायला काही कमी पडत नाही.

पंक्चर मी कानानं शोधतो.
ट्यूब पाण्यात घालायच्या आधीच
मला कळतं कुठून जातंय.
वाईट लिफ्टरच्या हातात बॉल फट्कन वाजतो,
कुणी थोबाडीत दिल्यासारखा.
चौदा वर्षं मी पाइपावर बसून
हेच ऐकत आलो.

काल संध्याकाळी पहिला बॉल वाकडातिकडा उडाला,
परमेश्वर त्याच्याखाली गेला,
दहा बोटं वर केली,
आणि मला काही ऐकू आलं नाही.

बॉल नेटच्या वर जाऊन थांबल्यासारखा झाला.
कुणीतरी मारला, कुठं पडला, मी पाहिलं नाही.
राजेप्पा तंबाखू मळत होता,
त्याचा अंगठा हातावर तसाच राहिला होता.

मग तो म्हणाला,
ह्याचं लग्न ठरलं असंल बघ.
नसंल तर टरबुजं संपली की जाईल.
ताजोद्दीन म्हणाला, डावा गुडघा बघा त्याचा.
मीही म्हणालो, आपलं काही खरं नाही,
नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं,
जे कुणी ऐकत असंल त्याला ऐकू जावं म्हणून.

रात्री दुकान लावताना बॉल पायात धरून
चाळीस पंप हवा मारली.
व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघितली.
बुडबुडा नाही.
शटर अर्धं ओढलं,
परत आत आलो,
अजून एकदा लावून बघितली.